मिस ऑटिलीची कप्पी

हरणाचा तो नर माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. कायद्याची काही अडचण नव्हती. शिकारीचा परवाना होता, हंगाम चालू होता, जमीन माझी होती. पण आमच्याकडे, लॅनो नदीच्या वरच्या अंगाला, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत काही गोष्टी न बोलता ठरलेल्या असतात. हरणांना गोळीच्या टप्प्यात ओढायला मक्याचं पिंप टांगायचं ते आपल्या जमिनीच्या मध्यावर. कुंपणाला लागून टांगणारा माणूस म्हणजे शेजाऱ्याच्या ताटात हात घालणारा. अशा माणसाशी लोक बोलतात, चर्चमध्ये हातही मिळवतात, पण जानेवारीत सॉसेज करायला बसतात तेव्हा त्याला बोलावत नाहीत. माझे वडील असल्या एकाचं नाव निघालं की अंगणात थुंकायचे. ते आज असते तर त्यांना थुंकायला लांब जावं लागलं नसतं.

मिस ऑटिली माझ्या पूर्वेकडच्या शेजारीण. वय एक्क्याऐंशी. नवरा अर्विन जाऊन नऊ वर्षं झाली, पण आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला ‘मिस’च म्हणतात. दीडशे एकर जमीन, बावीस बकऱ्या आणि एक म्हातारी कुत्री एवढं सगळं त्या एकट्या बघतात. अर्विनने बांधलेल्या मचाणात बसून दर नोव्हेंबरला एक हरीण मारतात आणि वर्षभर तेच मांस पुरवतात. बोलणं तिखट, पण मी दोनदा इस्पितळात पडलो तेव्हा माझी गुरं त्यांनीच बघितली.

त्या नराचं नाव त्यांनी ठेवलं होतं पाद्री. बाकीची हरणं येऊन बसली, स्थिरावली, की हा सगळ्यात शेवटी सावकाश यायचा आणि मधोमध उभा राहायचा. डावा कान फाटलेला. चार वर्षं त्या त्याला सोडून देत होत्या. ‘जाऊ दे, वाढू दे,’ म्हणायच्या. दुसऱ्या वर्षी शिंगांना आठ टोकं, तिसऱ्या वर्षी दहा. मागच्या वर्षी शिंगांचा घेर एवढा झाला की सीडरच्या झाडोऱ्यातून निघताना तो मान वाकडी करायचा.

गेल्या जुलैत मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. त्या पेकान सोलत होत्या, मी खात होतो.

“यंदा पाद्री,” त्या म्हणाल्या. “आणि मग अर्विनची बंदूक भिंतीवर.”

“का हो? अजून ठणठणीत आहात की.”

“मी आहे. डोळे नाहीत. मधोमध डाग पडलाय. आत्ता तुझे कान दिसतायत, तोंड दिसत नाही. तसं त्यात फार नुकसान नाही म्हणा. डॉक्टर म्हणतो, पुढच्या वर्षी दुर्बिणीला डोळा लावून काही उपयोग नाही.”

मी म्हणालो, “मिस ऑटिली, पाद्रीला आमच्या बाजूला कोणी हात लावणार नाही.” हे त्यांनी मागितलं नव्हतं. मीच आपणहून बोललो, पेकान चावता चावता.

आता रॉयसबद्दल. रॉयस माझ्या बायकोचा, नॅडीनचा, भाऊ. गावात त्याचं जनावरांच्या खुराकाचं दुकान आहे आणि दुकानात एक भिंत आहे. हंगामात ज्याने मोठा नर मारला त्याचा फोटो त्या भिंतीवर लागतो. चौतीस वर्षं मी शिकार करतोय आणि त्या भिंतीवर मी एकदाच आहे, तेही दुसऱ्याच्या हरणाचे पाय धरून. मक्याची पोती घ्यायला गेलो की रॉयस सगळ्यांसमोर सुरू होतो.

“आला बघा आमचा वेल्डन! याचं शिकारीचं रान नाही रे, अनाथाश्रम आहे. हरणं जेवतात, ढेकर देतात, आणि याला मिठी मारून जातात.”

लोक हसतात, मीही हसतो. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने असल्या गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत. मी लावून घेतल्या.

ऑगस्टमध्ये ठरवलं, यंदा घरीच लटकतं पिंप बनवायचं. विकतची मिळतात, पण त्यांचा पत्रा दोन हंगामांत गंजतो आणि रॅकून, म्हणजे ती मांजराएवढी चोरटी जनावरं, त्यांना वाटीसारखं पालथं करतात. मिस ऑटिलींना बोललो तर त्यांनी मला गोठ्यामागे नेलं आणि अर्विनचं एक जाड पत्र्याचं पिंप दाखवलं. मांडीएवढं उंच, झाकण घट्ट, झाकणाला कडी.

“ने. अर्विन यात बकऱ्यांचं मीठ ठेवायचा. धुऊन घे चांगलं. आणि टांगणार कशाने?”

“दोरीने.”

“दोरीवरून रॅकून उतरतात. तार घे, पोलादी. आणि कप्पी?”

कप्पी नव्हती. त्यांनी भिंतीवरच्या खिळ्यावरून एक काढून दिली. ओतीव लोखंडाची, तळहाताएवढ्या चाकाची. त्यांच्या विहिरीवर चाळीस वर्षं होती, पंप बसवल्यावर उतरवलेली. मी चाक फिरवून पाहिलं, तर ती डुक्कर कापल्यासारखी किंचाळली.

“तेल देतो,” मी म्हणालो.

“दे. नाही दिलंस तरी ती पडणार नाही.” मग त्यांनी विचारलं, “कुठे टांगतोयस?”

“तळ्यापाशी. मध्यावर.”

तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो. निदान मला तसं वाटतं.

पिंप बनवायला दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांइतका सुखी मी बऱ्याच वर्षांत नव्हतो. बुडाला मधोमध भोक पाडलं. आत पत्रा कापून उतरती घळ बसवली, नाहीतर कडेचा मका कडेलाच राहतो आणि कुजतो. भोकाखाली छोटी मोटर, मोटरीच्या दांड्यावर गोल ताटली. मोटर फिरली की ताटलीवरचा मका चारी बाजूंना दहा-दहा पावलं उडतो. भोक आणि ताटली यांच्यामध्ये किती जागा ठेवायची, यातच सगळी मेख आहे. जास्त ठेवली तर सगळा मका रात्रीत खाली. कमी ठेवली तर दाणे अडकून मोटर जळते. मी बोटांनी मोजत राहिलो. शेवटी दीड बोटावर जमलं. ताटली म्हणून नॅडीनचं केकचं भांडं कापलं, त्यावर घरात तीन दिवस अबोला झाला. सहा व्होल्टची बॅटरी, वेळ लावायचं घड्याळ, सकाळी सात आणि संध्याकाळी पाच, आठ-आठ सेकंद. भोवती जाळीचा पिंजरा, रॅकूनचा हात आत जाऊ नये म्हणून. तार कप्पीवरून घेऊन खोडाला बसवलेल्या हातचरखीला गुंडाळायची. शनिवारी चरखी सोडून पिंप खाली घ्यायचं, भरायचं, परत वर चढवायचं.

पिंप गाडीत घालून निघालो तेव्हा तळ्याकडेच निघालो होतो. तळ्यापाशी गेलो. तिथे आडवी फांदी असलेला ओक नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आहे. दोन आहेत. पण सरळ, जाड, दोन पुरुष उंचीवर आडवी गेलेली फांदी पूर्वेच्या कुंपणापाशी आहे, तिथून तारेचं कुंपण चाळीस पावलांवर. आणि कुंपणापलीकडे, सीडरच्या दाट झाडोऱ्याच्या पल्याड, मिस ऑटिलींचं मचाण. मध्ये झाडोरा आहे, तिकडून इकडचं काही दिसत नाही. आणि त्यांना दिसतं तरी किती, असा विचार माझ्या मनात आला. तो विचार आला तेव्हा मी शिडीवर होतो. तिथेच उतरायला हवं होतं. उतरलो नाही, कप्पी अडकवली.

तेल द्यायचं राहून गेलं.

सप्टेंबरच्या अखेरीला झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात पाद्री आला. सकाळचे सात वाजून चार मिनिटं. फाटका कान, मान वाकडी, तोंड मक्यात. पुढच्या दिवशी परत. आमच्याकडे रीत आहे, असा फोटो आला की शेजाऱ्याला दाखवायचा. मी तो मोबाइलमध्ये ठेवला आणि संडासात बसून बघत राहिलो.

रविवारी चर्चबाहेर मिस ऑटिलींनी विचारलं, “पाद्री दिसतोय का रे तुझ्याकडे? मला दोन आठवडे झाले, दिसला नाही. का मलाच दिसत नाही, कोण जाणे.”

“नाही हो,” मी म्हणालो. “अजून गरम आहे. थंडी पडली की निघेल.”

त्यांनी माझ्या कानाकडे बघत मान हलवली.

त्यानंतर दर शनिवारी मी मका भरायला जाताना म्हणायचो, आज पिंप उतरवायचं आणि तळ्यापाशी न्यायचं. दर शनिवारी चरखी सोडायचो, कप्पी किंचाळायची, पिंप खाली यायचं, मी मका भरायचो, आणि भरल्यावर ते फार जड झालेलं असायचं. परत वर चढवायचो. कप्पी परत किंचाळायची. पाच शनिवार असे गेले. माणूस किती युक्तीने स्वतःला फसवतो बघा. रिकामं होतं तेव्हा हलवायला कोणी हात धरला नव्हता.

हंगामाच्या पहिल्या दिवशी मी घरीच बसलो. नॅडीनला म्हणालो, कंबर धरली आहे. मनात म्हणालो, आज मिस ऑटिली त्याला मारतील आणि मी सुटेन. दुपारी त्यांची गाडी रिकामी परत जाताना दिसली. दुसऱ्या दिवशीही. सात वाजता त्यांचा पाद्री माझ्याकडे न्याहारीला असायचा, त्यांना तो मिळणार कुठून? आठवडाभर एक्क्याऐंशी वर्षांची बाई पहाटे उठून, शिडी चढून, थंडीत मचाणात बसत होती. तिथून चाळीस पावलं आणि एका झाडोऱ्याच्या अंतरावर मी तिचं हरीण मक्यावर बांधून ठेवलं होतं.

शुक्रवारी दुकानात गेलो. भिंतीवर तीन नवे फोटो. रॉयस म्हणाला, “वेल्डन, तुझ्यासाठी जागा ठेवलीय बघ, खाली कोपऱ्यात. पाय धरणाऱ्यांच्या रांगेत.”

दोष त्याचा नाही. असलं तो सगळ्यांनाच बोलतो.

शनिवारी पहाटे मी ओकपासून साठ पावलांवर खडकाला टेकून बसलो. सात वाजले, मोटर घुरघुरली, पिंजऱ्यावर मका तडतडला. आधी दोन माद्या आल्या, मग एक पोरगेला नर. मग कुंपणाची वरची तार वाजली. पाद्रीने उडी मारली होती, पण म्हातारपणी मागचा पाय तारेला घासला. तो सावकाश चालत आला आणि मधोमध उभा राहिला. मी मारला. एकाच गोळीत पडला. चौतीस वर्षांत एवढा नेम माझा कधी लागला नव्हता.

मी उठून त्याच्याजवळ गेलो. आनंद झाला, ते नाकारणार नाही. तेवढ्यात झाडोऱ्यापलीकडून हाक आली.

“वेल्डन? तूच ना रे? मिळालं का?”

आवाजात राग नव्हता. शेजारी विचारतो तसं विचारलं होतं. उत्तर द्यायला एक शब्द पुरला असता. मी ओकच्या खोडाला पाठ लावली आणि श्वास रोखून उभा राहिलो. साठीला आलेला माणूस, हातात बंदूक, एका म्हातारीला घाबरून झाडामागे लपलेला. पायाशी पाद्री, त्याच्या तोंडात अजून मका.

त्यांनी परत हाक मारली नाही. जरा वेळाने मचाणाच्या शिडीचा आवाज आला, एक एक पायरी, मध्ये बराच वेळ. मग गाडी सुरू झाली.

मी पाद्रीला गाडीत घालून तळ्यापाशी नेलं. तिथे गवतावर ठेवून तोंड पुसलं, मक्याचे दाणे काढले आणि फोटो घेतला. फोटोत मी हसतोय. तो फोटो आज भिंतीवर आहे, अगदी वरच्या रांगेत.

दुपारी अंगणात माणसं जमली. मोठा नर मिळाला की गाडीची मागची फळी उतरवून ठेवतात आणि गाव बघायला येतं. कॉफी झाली, नॅडीनने पेकानच्या वड्या वाटल्या. रॉयस मोजपट्टी घेऊन आला होता आणि पहिल्यांदाच त्याला टोमणा सुचत नव्हता. मला वाटलं होतं तो क्षण फार गोड लागेल. मी सारखा रस्त्याकडे बघत होतो.

मिस ऑटिली आल्या. सगळ्यांनी बाजूला होऊन वाट दिली. त्या फळीपाशी गेल्या, हातमोजा काढला आणि बोटांनी चाचपायला लागल्या. नाक, कपाळ, शिंगांचं बूड, एकेक टोक. मग डावा कान. फाटलेल्या जागी बोट थांबलं.

“पाद्रीच,” त्या म्हणाल्या.

त्या त्याला चार वर्षं राखत होत्या हे सगळ्यांना माहीत होतं. रॉयसने मोजपट्टी गुंडाळली आणि माझ्याकडे बघितलं. थट्टेचा मागमूस नव्हता.

“कुठे मिळाला रे?” त्याने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते.

“तळ्यापाशी,” मी म्हणालो.

रॉयस मिस ऑटिलींकडे वळला. “तुम्ही मचाणात होतात ना सकाळी? गोळीचा आवाज कुठून आला?”

त्यांचा हात अजून पाद्रीच्या कानावर होता. “तळ्याकडूनच आला,” त्या म्हणाल्या. “लांबून. चांगला मारलास, वेल्डन. तडफडला नाही ना?”

“नाही, मिस ऑटिली.”

“मग झालं.”

माणसांनी श्वास सोडला, परत बडबड सुरू झाली, कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांनी तिथे मला चोर म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. दार उघडून धरलं. त्या बसल्या, हातमोजा चढवला.

“कप्पीला तेल दिलं नाहीस ना?” त्या म्हणाल्या.

मी दार लावायला घेतलं, त्यांनी हाताने थांबवलं.

“चाळीस वर्षं तिच्या आवाजाने उठले मी. अर्विन पहाटे पाणी काढायचा. झोपेत असले तरी कळायचं बादली वर चाललीय की खाली.” त्यांनी किल्ली फिरवली. “सप्टेंबरपासून दर शनिवारी ऐकतेय.”

मी डोळ्यांचा विचार केला होता. झाडोरा किती दाट, त्यांना दिसतं किती. कान माझ्या डोक्यातच आले नव्हते. ज्या चोरीला त्यांनीच दिलेली कप्पी लावली, तीच कप्पी दर आठवड्याला त्यांच्या दारात जाऊन ओरडत होती.

संध्याकाळी पाठीचं मांस, सगळ्यात चांगला भाग, कागदात गुंडाळून त्यांच्याकडे घेऊन गेलो. शिंगंही घेतली होती. त्यांनी मांस घेतलं, शिंगं ओसरीवरच ठेवायला सांगितली आणि जाताना परत न्यायला सांगितलं. मी टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. फोटो, संडास, पाच शनिवार, झाडामागे लपलो ते. त्या चुलीपाशी उभ्या राहून कांदा चिरत होत्या.

“माहीत होतं तर बोलला का नाहीत?” मी विचारलं. माझ्या आवाजात तक्रार होती, ऐकून मलाच लाज वाटली. “एक फोन केला असता तरी मी हलवलं असतं.”

“मी पिंप दिलं,” त्या म्हणाल्या. “कप्पी दिली. आणखी काय द्यायचं होतं?”

कांदा चिरून झाला. त्यांनी सुरी धुतली, पुसली.

“दर शनिवारी वाटायचं, आज उतरवतोय तो नेण्यासाठीच उतरवतोय,” त्या म्हणाल्या. “खाली गेल्याचा आवाज यायचा. मग मी थांबायचे. मग वर गेल्याचा यायचा.”

जेवून जा असं त्या म्हणाल्या नाहीत. आजवर त्या घरातून मी कधी उपाशी परत आलो नव्हतो. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर अर्विनची बंदूक टांगलेली होती. सकाळी ती त्यांच्याबरोबर मचाणात होती. खिळा नवा होता.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही मी पिंप उतरवलं आणि तळ्यापाशी नेलं. तिथल्या ओकला टांगलं. रॉयसकडे जाऊन भिंतीवर लावलेला माझा फोटो उतरव म्हणालो, त्याला वाटलं मी नम्रपणा दाखवतोय. खरं कारण सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मिस ऑटिली माझ्यासाठी सगळ्यांसमोर खोटं बोलल्या होत्या. मी खरं सांगितलं तर त्या खोट्या ठरल्या असत्या. असं मी स्वतःला समजावतो. हेही कदाचित जड झालेल्या पिंपासारखंच आहे.

जानेवारीत सॉसेज करायला मला बोलावणं आलं. मिस ऑटिलींच्याच घरी होतं. गेलो, मांस कुटलं, आतडी भरली, कोणाला काही कळलं नाही.

कप्पीला मी तेल दिलेलं नाही. तळं त्यांच्या घरापासून बरंच लांब आहे, पण दर शनिवारी मी पिंप दोनदा खाली घेतो, दोनदा वर चढवतो, सावकाश, तिला मनसोक्त किंचाळू देतो. नॅडीन म्हणते डोकं फिरलंय. फेब्रुवारीत मी तापाने पडलो होतो, एक शनिवार चुकला. त्या रविवारी चर्चलाही गेलो नाही. पुढच्या रविवारी पायऱ्यांवर मिस ऑटिली भेटल्या. आता त्यांना कानही दिसत नाहीत. माझा आवाज ऐकून त्या माझ्याकडे वळल्या.

“मागच्या शनिवारी आवाज आला नाही,” त्या म्हणाल्या.

“ताप होता, मिस ऑटिली.”

“अस्सं.” त्यांनी माझा दंड धरला, पायरी उतरायला. “काल आला.”

“कुठून?” मी विचारलं.

त्या एक पायरी उतरल्या, मग दुसरी.

“लांबून,” त्या म्हणाल्या. तोच शब्द, त्या दिवशी माझ्या अंगणात सगळ्यांसमोर म्हटला होता तो. या वेळी तो खरा होता. मी मान खाली घालून त्यांना आमच्या गाडीपर्यंत नेलं.